गल्लीत पहिलं घर कोणी विकलं

भाव पडायला सुरुवात झाली ती हमरस्त्यापलीकडच्या उंच इमारतींपासून. तेव्हा गल्लीतल्या लोकांना त्याचं दुःख वगैरे काही झालं नाही. उलट संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी कठड्यावर बसून सगळ्यांनी मनसोक्त तोंडसुख घेतलं. "असल्या काडेपेट्यांना कोण पैसे मोजणार?" असं वायरमन म्हणाला आणि सगळे हसले. वायरमन बोलला की हसायचं, अशी गल्लीत रीतच पडून गेली होती. अर्ध्या वसाहतीचं वायरिंग त्याच्या हातचं, त्यामुळे कोणाच्या भिंतीत काय दडलंय हे त्याला ठाऊक. शिवाय निवृत्त झाल्यापासून जिभेला दुसरा उद्योग नव्हता.

मग कालव्याकाठच्या बंगल्यांवर पाट्या लागल्या. 'घर विकणे आहे.' पहिल्या आठवड्यात तीन, दुसऱ्यात सात. मग शाळेमागच्या ओळीत. पाट्या एकेक रस्ता ओलांडून जवळ यायला लागल्या तसं कठड्यावरचं हसणं आटलं. लोक सकाळी फिरायला जायचे ते पाट्या मोजायला, आणि घरी येऊन बायकोला आकडा सांगायचे.

गल्ली बारा घरांची. सहा जोडघरं, मधली भिंत सामाईक, पुढे हातभर अंगण. जन्मभर जे कमावलं ते प्रत्येकाने याच विटांत घातलेलं. पोरांनी नाही विचारलं तर घर आहे, असं प्रत्येकजण मनातल्या मनात म्हणायचा. आता ते 'आहे' रोज थोडं थोडं कमी होत होतं, आणि ते थांबवायचं कसं हे कोणालाच कळत नव्हतं.

त्यातल्या त्यात एक आशा होती, ती म्हणजे सुताराचं घर. सुतार हा वायरमनचा भिंतीपलीकडचा शेजारी. सोळा वर्षांपूर्वी एकाच दिवशी, एकाच बिल्डरशी तासभर घासाघीस करून दोघांनी हे जोडघर घेतलं होतं. याची दारं-खिडक्या त्याने केल्या, त्याच्या वायरी याने ओढल्या. सुताराच्या बायकोची नजर दोन वर्षांपासून जात चालली होती. आता तर तिला माणूस आवाजावरूनच ओळखावा लागायचा. सुताराने घरभर तिच्या हाताला लागेल असा गुळगुळीत लाकडी कठडा बसवला होता, पण जिन्याच्या वळणावर ती दोनदा पडली, आणि मग त्याचा धीर सुटला. लेक दुसऱ्या गावी. तिच्याच इमारतीत तळमजल्याची एक जागा रिकामी होत होती. इथलं घर विकायचं, ती घ्यायची, आणि उरलेले दिवस लेकीच्या सोबतीने काढायचे. गिऱ्हाईकही मिळालं होतं, चांगल्या भावाचं. फक्त गिऱ्हाइकाच्या बँकेने घराची किंमत काढून कर्जाला हो म्हणायचं बाकी होतं. तळमजल्याचा मालक पुढच्या महिनाअखेरपर्यंत थांबणार होता, पुढे एक दिवस नाही.

म्हणून गल्लीने ठरवलं, की सुताराचं खरेदीखत होईपर्यंत कोणी पाटी लावायची नाही, कोणी कमी भावात द्यायचं नाही. "सुताराचा जो भाव, तो गल्लीचा भाव," वायरमनने बजावलं. "मध्ये कोणी शेण खाल्लं तर गाठ माझ्याशी आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या.

बँकेकडून एक तरुण बाई आली. हातात लाल ठिपका पाडणारं यंत्र. खोल्या मोजल्या, ओल बघितली, जिन्याचे फोटो काढले. वहिनींनी, म्हणजे सुताराच्या बायकोने, चाचपडत चहा केला तो तिने उभ्या उभ्या प्यायला. गल्लीने तिचं नाव मोजणीवाली ठेवलं. आठ दिवसांनी कागद आला आणि सुतार तो हातात घेऊन चप्पल न घालता वायरमनच्या दारात उभा राहिला.

"निम्मा," तो म्हणाला. "अरे, निम्मा भाव लावलाय."

कागदावर लिहिलं होतं, की याच गल्लीत चार महिन्यांपूर्वी अशाच मापाचं एक घर विकलं गेलं आहे, आणि किंमत त्याच्या आधारे धरली आहे. कोणाचं, ते लिहिलेलं नव्हतं. बँका नावं सांगत नाहीत.

वायरमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आपल्यातलाच कोणीतरी फितूर आहे," तो कठड्यावर उभा राहून म्हणाला. "गुपचूप विकून मोकळा झालाय आणि रोज आपल्यात बसून चहा पितोय."

त्या संध्याकाळपासून गल्लीत माणूस माणसाला घाबरायला लागला. कोणाकडे पाहुणा आला तरी तो गिऱ्हाईक वाटायचा. कोणी जुनी खुर्ची भंगारात दिली की पडद्याआडून चार डोळे बघायचे. आणि बोट ठेवायला एक घर सगळ्यांनाच सोयीचं होतं, कोपऱ्यावरच्या ट्रकवाल्याचं. तो महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असायचा, कठड्यावर कधी बसायचा नाही, कोणाच्या अध्यात ना मध्यात. अशा माणसाची बाजू कोण घेणार? वायरमननेच पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं. "मी त्याचं मीटर बघायला गेलो होतो. अर्ध्या खोल्या रिकाम्या. त्या कशाला रिकाम्या असतील, तुम्हीच सांगा." खोल्या रिकाम्या होत्या कारण ट्रकवाल्याकडे त्यात भरायला काही नव्हतं, पण ही गोष्ट त्या वेळी कोणाला सुचली नाही.

दुसऱ्याच दिवशी ट्रकवाल्याची बायको वायरमनच्या फाटकाशी आली. कडेवर सहा महिन्यांची मुलगी. "काका, घरातली लाइट गेलीय सगळी. फ्यूज घातला तरी उडतोय. हे बाहेरगावी आहेत. जरा बघता का?"

वायरमन अंगणात बसून दात कोरत होता. "वेळ नाही," तो म्हणाला.

तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. तिला वाटलं, नेहमीसारखी थट्टा असेल, आता उठतील. मग तिला कळलं आणि ती गेली. दोन दिवस त्या घरात पंखा फिरला नाही, की दिवा लागला नाही. पोर रडायची ते चार घरांपर्यंत ऐकू यायचं. आणि वायरमन रेडिओचा आवाज वाढवायचा.

याच दिवसांत गल्लीतल्याच समोरच्या ओळीतल्या सिस्टर त्याला भेटल्या. इस्पितळातून निवृत्त झालेल्या, एकट्या. "खरंच एवढा पडलाय का हो भाव?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज कापत होता. वायरमनला त्यांची खरोखर काळजी वाटली, आणि काळजी वाटली की तो आणखीच मोठ्याने बोलायचा. "सिस्टर, गल्लीचं आता काही खरं नाही. तुम्हाला मागेपुढे कोणी नाही. जे मिळतंय ते घ्या. उद्या तेवढंही कोणी देणार नाही." ठरावाचं काय झालं, हे त्याने त्यांना विचारलं नाही आणि त्यांनीही आठवण काढली नाही. तीन आठवड्यांत सिस्टरांनी घर दिलं. ते बघून शेजारच्या कंडक्टरने धसका घेतला, आणि चौथ्या दिवशी त्यानेही दिलं. दोघांनीही जवळजवळ त्याच निम्म्या भावात. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं.

सुताराने हिंमत करून बँकेकडे पुन्हा किंमत काढायचा अर्ज केला. मोजणीवाली पुढच्या सोमवारी येणार होती. महिना संपायला तेव्हा पाच दिवस उरणार होते.

त्याआधीच्या शुक्रवारी वायरमनची बायको भाजी निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "अहो, ते आपण लेकीच्या नावावर केलं, ते तर नसेल ना?"

"काय ते?"

"घर हो. ते चार महिन्यांपूर्वी विकलेलं."

"डोकं फिरलंय का तुझं?" वायरमन खेकसला. "ते काय विकणं होतं? लेकीला देणं म्हणजे विकणं?"

पण हे म्हणता म्हणताच त्याने बोटांवर महिने मोजले आणि हिशोब जुळला.

झालं होतं ते असं. घर आपल्या हयातीतच लेकीच्या नावावर करावं, उद्या भानगड नको, असं नवरा-बायकोने ठरवलं होतं. पण जावई मोठा मानी. "मी सासऱ्याचं फुकट घर घेणार नाही," म्हणून अडून बसला. मग वायरमनने तोडगा काढला. "घर मला ज्या भावात पडलं त्याच भावात तुम्ही घ्या. लेकीकडून नफा खाणारा बाप मी नाही." जावयाचा मान राहिला, वायरमनला आपल्याच शहाणपणाचं कौतुक वाटलं, आणि सोळा वर्षांपूर्वीच्या आकड्यावर सह्या झाल्या. कोणाला सांगितलं नाही, अगदी सुतारालाही नाही. कारण सुताराने त्याला सोडलं नसतं. लोकांचे घरजावई असतात, हा बघा घरसासरा, जावयाच्या घरात राहतो, असं त्याने कठड्यावर चारचौघांत म्हटलं असतं. दुसऱ्यांची टर उडवून जगणाऱ्या माणसाला स्वतःची उडालेली सोसत नाही. आणि खरं सांगायचं तर आपण घर विकलंय, असं त्या दिवसापासून आजपर्यंत एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं. तो तिथेच राहत होता, त्याच पलंगावर झोपत होता.

त्याने लेकीला फोन लावला. "बाळ, त्या कागदावर नक्की काय लिहिलंय? बक्षीसपत्र की..."

"खरेदीखत, बाबा. तुम्हीच तर यांचा मान राखलात. का हो, काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "सहज विचारलं."

आडनाव जावयाचं. सरकारी वहीत कोणी बघितलं तर काय दिसणार? एका माणसाने एका परक्या बाईला घर विकलं, निम्म्या भावात. बस. चाळीस वर्षं जिवंत तारांत हात घालणारा तो माणूस, आता आपल्याच फाटकाची कडी वाजली की दचकायला लागला. चोराच्या मनात चांदणं. कोणी हसलं की वाटायचं, यांना कळलं. कोणी गप्प बसलं तरी वाटायचं, यांना कळलंच. तो कठड्यावर जायचा बंद झाला. मग न जाण्याने संशय येईल म्हणून पुन्हा जायला लागला आणि तिथे नुसता बसून राहिला. "काय रे, वीज गेली का तुझी?" सुताराने त्याच्या पाठीत थाप मारून विचारलं. त्या थापेने त्याचा जीव अर्धा झाला.

शनिवारी तो पक्कड-टेस्टर घेऊन ट्रकवाल्याकडे गेला. त्याच्या बायकोने दार अर्धवट उघडलं. "तेव्हाच झालं दुरुस्त," ती म्हणाली. "बाजारातून दुसरा बोलावला." आणि दार लावून घेतलं.

रविवारी त्याने मनाशी दोन्ही बाजू मांडल्या. सांगितलं तर सुताराचं भलं होईल. बाप-लेकीचा व्यवहार आहे, तो बाजारभाव नव्हे, हे कळलं की बँक तो धरणार नाही, घराची किंमत परत वर जाईल. पण मग सिस्टर, कंडक्टर, ट्रकवाला आणि सगळी गल्ली तोंडावर थुंकेल. न सांगितलं तर कोणाला कळायचं कारण नाही. फक्त वहिनी त्याच जिन्याच्या वळणावर पुन्हा पाय टाकणार. दुपारभर तो याच्यात गोल गोल फिरला. बायको एवढंच म्हणाली, "सोळा वर्षं ज्याच्या घरचा चहा प्यालात, त्याला तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगते."

सोमवारी सुतार बोलवायला आला. "तू चल. मला बोलता येत नाही. तू तिला चार गोष्टी सुनाव."

वहिनी आतल्या खोलीत झोपल्या होत्या. बाहेर तिघेच. मोजणीवालीने टेबलावर फाइल उघडली. पोरगी वाईट नव्हती. तिच्या कपाळावर घाम होता आणि आवाज मऊ होता. "काका, आम्ही मनाने भाव लावत नाही," ती सुताराला म्हणाली. "त्याच गल्लीतली शेवटची विकलेली घरं बघतो. मागच्या वेळी मला इथे एकच व्यवहार मिळाला. मलाही तो कमी वाटला होता. पण चहूकडे भाव पडतच होते, म्हटलं, आता इथेही पडला."

"किती होता तो?" सुताराने विचारलं.

तिने आकडा वाचला. पार शेवटच्या सुट्या सातशे पन्नासांपर्यंत.

सुताराने क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि तो हसला. खरंच हसला. "ऐकलंस का रे? हा तर आपलाच भाव! तेव्हाचा. ते सातशे पन्नास आठवतात? तू हजारावरून खाली ओढले होतेस." मग मोजणीवालीला म्हणाला, "बाई, योगायोग बघा. सोळा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी घेतलं ते याच आकड्यात."

त्याच्या मनात काहीच आलं नव्हतं. इतक्या वर्षांत वायरमनवर संशय घ्यायची त्याला सवयच नव्हती. आता नुसतं हसून 'हो ना' म्हटलं की विषय संपणार होता. वायरमनच्या जिभेवर ते आलंही होतं. पण तेवढ्यात त्याला सुताराने वहिनींसाठी बसवलेला तो लाकडी कठडा दिसला.

"योगायोग नाही," तो म्हणाला. "ते घर माझं आहे. मी लेकीला दिलं. मला पडलं त्या भावात."

सुताराचं हसू लगेच गेलं नाही. ते तोंडावर तसंच राहिलं आणि मागचा माणूस तेवढा निघून गेला.

वायरमन मग थांबलाच नाही. लेक, जावई, मान, खरेदीखत, सगळं एका दमात ओकला. "बाई, हा घरचा व्यवहार आहे, बाजाराचा नाही. मी लिहून देतो, लेक लिहून देईल. तो आकडा काढून टाका आणि याचा भाव नीट लावा. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा."

मोजणीवालीने पेन खाली ठेवलं. "कारवाई कसली, काका? तुम्ही काही बेकायदा केलेलं नाही," ती म्हणाली. "आणि तो आकडा काढते मी. मागच्या वेळी कळलं असतं तर धरलाच नसता." तिला पुढचं बोलणं जड जात होतं. "पण त्यानंतर इथे दोन घरं गेलीत. एक निवृत्त नर्स, एक कंडक्टर. ते व्यवहार परक्यांशी झालेत, उघड बाजारात, जवळपास त्याच भावात. ते मला काढता येत नाहीत. तुमचा भाव खरा नव्हता, काका. पण आता गल्लीचा भाव तोच आहे."

"पण ते घाबरून विकलं त्यांनी!" वायरमन ओरडला. "त्या माझ्या आकड्याला घाबरून!"

"कशाला घाबरून विकलं ते वहीत लिहीत नाहीत," ती म्हणाली. तिने फाइल मिटली, दोघांना नमस्कार केला आणि गेली. फाटक लावल्याचा आवाज आला.

सुतार खुर्चीत बसून होता. वायरमनला वाटलं, आता हा उठेल, कानाखाली आवाज काढेल. काढावा, असंही वाटलं. पण सुताराने खिशातून फोन काढला आणि गिऱ्हाइकाला लावला. "हो, मीच. बँक म्हणते त्या भावात देतो... नाही, नाही, आता विचार नाही करत. तुम्ही फक्त लवकर या. उद्या जमेल का?" त्याचा आवाज सिस्टरांसारखा कापत होता.

"अरे, थांब," वायरमन म्हणाला. "निम्म्यात तळमजला कसा येईल तुझा?"

"नाही येणार. लेकीच्या बाहेरच्या खोलीत राहू." सुतार त्याच्याकडे न बघता बोलत होता. "थांबलो तर तेही नाही राहणार. तूच सांगतोस ना सगळ्यांना, उद्या एवढंही मिळणार नाही म्हणून?"

आतल्या दारात वहिनी आल्या. एक हात भिंतीच्या कठड्यावर, दुसरा पुढे हवेत. आवाजाने त्यांना जाग आली होती. "गेल्या का त्या बाई? काय म्हणाल्या? भावजी, तुम्ही आहात ना?"

"आहे, वहिनी."

"कळलं का मग, कोणी विकलं ते? कोणामुळे झालं एवढं?"

वायरमनने सुताराकडे बघितलं. सुतार खिडकीतून बाहेर बघत होता. तो काही बोलणार नव्हता, ना वाचवायला, ना बुडवायला.

"मी, वहिनी," वायरमन म्हणाला. "मी विकलं."

वहिनींनी चेहरा त्याच्या दिशेने केला, जरा बाजूलाच, जिथे तो उभा नव्हता तिथे. आणि त्या हसल्या. पुष्कळ दिवसांनी, अगदी मनापासून.

"पुरे हो तुमची चेष्टा," त्या म्हणाल्या. "अशा वेळीही सुचतं तुम्हाला. खरं सांगा ना, त्या ट्रकवाल्यानेच ना?"

वहिनी हसऱ्या चेहऱ्याने उत्तराची वाट बघत राहिल्या, आणि वायरमनला तेच वाक्य आता दुसऱ्यांदा म्हणायचं होतं.